लकव्यानंतर रुग्णाला पुन्हा हिंडते-फिरते करताना: नर्सिंग असिस्टंटसाठी कामाचा क्रम

लकव्याचा रुग्ण जळगाव किंवा धुळ्याच्या रुग्णालयातून घरी जातो तेव्हा फिजिओथेरपिस्ट दिवसातून फार तर अर्धा तास येतो, आणि चोपडा, शिरपूर, अक्कलकुव्याकडच्या गावांत तोही रोज मिळेलच असे नाही. उरलेल्या वेळात रुग्णाला कसे झोपवले, कसे उठवले आणि कसे भरवले यावर त्याच्या हातापायात किती बळ परत येणार हे बरेचसे अवलंबून असते. हे सारे काम जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केलेल्या मुली, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, तसेच घरोघरी केस घेणारे केअरटेकर करतात. कोणती कामे करायची हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक असते, पण ती कोणत्या क्रमाने करायची यात गफलत होते. ब्रेक न लावता खुर्ची पुढे केली जाते, अधू हाताला धरून रुग्णाला ओढले जाते, आणि जे तो स्वतः करू शकला असता तेही उरकून टाकले जाते.

या लेखात लकवा झालेल्या बाजूला अधू बाजू आणि दुसरीला धड बाजू म्हटले आहे. कोणता व्यायाम द्यायचा आणि पायावर किती भार टाकू द्यायचा, हे डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट ठरवतात. त्यांनी ठरवून दिलेले काम रोज, सुरक्षितपणे आणि नोंदीसह पार पाडणे एवढीच नर्सिंग असिस्टंटची हद्द आहे.

## १. रुग्णाजवळ जाण्यापूर्वी मिळवायची माहिती

केस घेतल्यावर पहिल्या दिवशी डिस्चार्ज कार्ड वाचावे आणि सिस्टरकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून पुढील गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात.

- अधू बाजू कोणती, आणि त्या हाताला किंवा पायाला स्पर्श, गरम-गार कळते का?
- गिळण्याची तपासणी झाली आहे का? पाणी तसेच द्यायचे की (पावडर मिसळून) घट्ट करून?
- रक्तदाब कितीच्या वर किंवा खाली असेल तर व्यायाम थांबवायचा? रक्तदाबाच्या गोळ्या किती वाजता असतात?
- रुग्णाला आजवर कोणी उभे केले आहे का, आणि तेव्हा किती माणसे लागली?
- लकव्याच्या वेळी पडून खुब्याचे हाड मोडले होते का, त्याचे ऑपरेशन झाले आहे का?

शेवटचा प्रश्न विचारायचा हमखास राहून जातो. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर सर्जनने दिलेल्या मर्यादा वेगळ्या असतात. सांधा मागच्या बाजूने उघडून बदलला असेल तर सहसा खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नसतो, पायावर पाय टाकायचा नसतो आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायचे नसते. अशा रुग्णाला पाटावर, बाजेवर किंवा भारतीय पद्धतीच्या संडासावर बसवल्यास सांधा निखळू शकतो.

याच दिवशी घरच्यांशी एक बोलणे करून घ्यावे. पगार देऊन ठेवलेली बाई आबांना शर्टाचे बटण लावायला सांगते आणि स्वतः बाजूला उभी राहते, हे सुनेला किंवा मुलाला कामचुकारपणाचे वाटते, आणि त्यांच्या नजरेला घाबरून केअरटेकर सगळे स्वतःच करू लागते. माझ्या मते रुग्ण परावलंबी होण्यामागे अज्ञानापेक्षा ही भीडच जास्त असते. म्हणून "आबांना वेळ लागेल, पण बटण त्यांनाच लावू द्यायचे आहे, डॉक्टरांनी तसे सांगितले आहे" असे आधीच स्पष्ट करावे, आणि शक्य असल्यास ते फिजिओथेरपिस्टच्या तोंडून वदवून घ्यावे.

## २. खोली आणि वेळ

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात दुपारी व्यायाम घेतला तर रुग्णाला घेरी येते, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. उन्हाळ्यात उभे करणे, चालवणे ही कामे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर घ्यावीत. दुपारी फक्त कूस बदलणे आणि पलंगावरचे हलके व्यायाम ठेवावेत. गिळण्याची परवानगी मिळाली असेल आणि डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर पाणी वेळेवर देत राहावे.

सुंभाची किंवा नवारीची बाज या कामाला चालत नाही. ती मधे खोलगट होते, रुग्ण त्या खळग्यात रुततो आणि त्याला कडेवर बसवता येत नाही. सपाट पलंग हवा, आणि त्याची उंची अशी हवी की कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवरचे पायपुसणे, चटई, पंख्याची वायर उचलून ठेवावी. फरशी ओली असेल तर रुग्णाला उठवू नये. पायात अंगठ्याची सपाता नको; अधू पायातून ती निसटते आणि रुग्णाला ते कळतही नाही. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल किंवा बूट घालावा.

तपासा: कॅथेटर असेल तर लघवीची पिशवी रिकामी केली का? हलवताना ती मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच राहील अशी धरायची असते. अनेक जण ती रुग्णाच्या पोटावर ठेवतात. तसे केल्यास लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

## ३. झोपवण्याची पद्धत

व्यायामाआधी हे शिकावे, कारण दिवसाचे सर्वांत जास्त तास रुग्ण झोपूनच असतो. दर दोन तासांनी कूस बदलावी. एअरबेड आहे म्हणून कूस बदलणे सोडून देणे ही नेहमीची चूक आहे. एअरबेडमुळे दाब विभागला जातो, नाहीसा होत नाही.

उताणे झोपवताना अधू खांद्याच्या मागे आणि संपूर्ण हाताखाली उशी द्यावी, म्हणजे खांदा मागे लोंबणार नाही. पोटरीखाली पातळ उशी अशी ठेवावी की टाच गादीला टेकणार नाही. फक्त गुडघ्याच्या वाकणीखाली उशी ठेवली तर गुडघा कायमचा वाकून आखडतो. धड कुशीवर झोपवताना अधू हात आणि अधू पाय पुढे घेऊन दोन्हींखाली उशी द्यावी. अधू कुशीवर झोपवता येते, पण आधी त्या बाजूचा खांदा हलक्या हाताने थोडा पुढे काढून घ्यावा, म्हणजे अंगाचा भार खांद्याच्या टोकावर येणार नाही.

हाताचा पंजा उघडा राहील असा ठेवावा. मूठ वळू नये म्हणून घरचे लोक रबरी चेंडू आणून देतात आणि रुग्णाला तो दिवसभर दाबायला लावतात. बोटे आधीच आत ओढली जात असतील तर त्याने ती आणखी घट्ट होऊ शकतात. फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय चेंडू देऊ नये.

तपासा: प्रत्येक वेळी कूस बदलताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि कोपरे पाहावीत. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडावे. दाबल्यावर तो पांढरा होत नसेल, तर ती दाबाने होणाऱ्या जखमेची (बेडसोरची) पहिली पायरी आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा जास्त काळी लागते का ते हाताने पाहावे. त्या जागेवर भार येऊ देऊ नये, तिथे तेल चोळू नये, आणि त्याच दिवशी सिस्टरला कळवावे.

## ४. सांध्यांचे व्यायाम

रुग्णाला स्वतःला हलवता येत नसेल तेव्हा आपण हलवायचे, थोडे हलवता येत असेल तर उरलेल्यापुरती मदत करायची, आणि पूर्ण हलवता येत असेल तर हात मागे घेऊन फक्त मोजायचे. आज रुग्ण कोणत्या पायरीवर आहे हे रोज नव्याने पाहावे, कारण काल न हललेले बोट आज हलू शकते आणि ते पाहायला आपणच तिथे असतो.

क्रम वरून खाली ठेवावा: खांदा, कोपर, मनगट, बोटे, अंगठा, मग खुबा, गुडघा, घोटा, पायाची बोटे. मानेचा व्यायाम सांगितला नसेल तर मानेला हात लावू नये. एका हाताने सांध्याच्या वरचा भाग आणि दुसऱ्याने खालचा भाग तोलून धरावा. पंजा किंवा पाऊल टोकाला पकडून पूर्ण हात-पाय उचलू नये. प्रत्येक हालचाल पाच वेळा, सावकाश, दिवसातून दोनदा, असा सर्वसाधारण नियम असतो; रुग्णासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा.

खांद्याबाबत विशेष जपावे लागते. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो. अशा खांद्याला हिसका बसला तर जी दुखणी सुरू होते ती महिनोन्महिने राहते, आणि दुखतो म्हणून रुग्ण पुढे हात लावूच देत नाही. त्यामुळे स्पष्ट सूचना नसेल तर अधू हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये, आणि नेताना तळहात आतल्या बाजूला न वळवता अंगठा वर राहील असा धरावा. सांधा अडला तर जोर लावू नये. तिथेच थोडे थांबावे, स्नायू सैल पडला तर पुढे जावे, नाहीतर परत यावे.

दुखते का, हे तोंडी विचारावे आणि चेहराही पाहावा. अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना "दुखस का?" असे त्यांच्या बोलीत विचारले तर उत्तर लवकर मिळते. तरीही परक्या बाईसमोर कण्हायचे नाही म्हणून पुष्कळ जण "काहीच नही" असे म्हणून मोकळे होतात. कपाळाला आठी पडली, श्वास रोखला गेला, दुसऱ्या हाताने चादर धरली, तर तोंडाने काहीही सांगितले असले तरी दुखते आहे असेच समजावे.

सावधान: एका पायाची पोटरी सुजलेली, गरम किंवा दाबल्यावर दुखरी असेल तर त्या पायाचा व्यायाम आणि मालीश दोन्ही थांबवून लगेच कळवावे. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लकव्यावर मालीश करणारा माणूस घरच्यांनी बोलावला असेल तर त्यालाही हे आधीच सांगावे.

## ५. पलंगाच्या कडेवर बसवणे

झोपलेल्या माणसाला थेट उभे करू नये. आधी दोन्ही गुडघे वाकवून रुग्णाला कुशीवर वळवावे. कोणत्या कुशीवर ते फिजिओथेरपिस्टने सांगितले नसेल तर धड कुशीवर. मग पाय पलंगाखाली सोडावेत, आणि पाय खाली जात असतानाच रुग्णाने धड कोपराने गादीवर रेटा देऊन वर यावे. आपला एक हात त्याच्या खांद्याच्या पात्यामागे आणि दुसरा खुब्यावर असावा. मान धरून उचलू नये.

बसल्यावर काही मिनिटे तसेच बसू द्यावे. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, मळमळ यांपैकी काही झाले तर पुन्हा झोपवावे. रक्तदाबाचे यंत्र असेल तर झोपलेले असताना आणि बसल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्या दिवशी उभे न करता कळवावे. यंत्राचा पट्टा नेहमी धड दंडाला बांधावा.

## ६. पलंगावरून खुर्चीत

सर्वांत जास्त अपघात याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई पूर्ण वर्ज्य.

1. खुर्ची रुग्णाच्या धड बाजूला, पलंगाला थोडी तिरकी लावावी. दोन्ही ब्रेक लावावेत, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडाव्यात, आणि हाताने खुर्ची हलवून पाहावी.
2. कमरेला गेट बेल्ट (रुग्णाला धरण्यासाठीचा रुंद पट्टा) कपड्यांवरून बांधावा; आत दोन बोटे जातील इतका सैल. पोटावर ताजी शस्त्रक्रिया असेल तर बेल्टबाबत आधी विचारावे. ओढणी किंवा गमछा हा पर्याय नव्हे. त्याची गाठ सरकते आणि कापड पोटाला काचते.
3. रुग्णाला कडेपर्यंत पुढे सरकवावे. तळवे सपाट, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे.
4. आपण समोर, किंचित अधू बाजूला उभे राहावे. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ ताठ. आपल्या गुडघ्याने रुग्णाच्या अधू गुडघ्याला पुढून टेकू द्यावा, म्हणजे तो अचानक वाकणार नाही.
5. काय करणार आहोत ते सांगावे: "आबा, तीन म्हटल्यावर पुढे वाकून उठायचे." नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत रुग्ण पुढे वाकला पाहिजे. पडण्याच्या भीतीने बहुतेक रुग्ण मागे रेलतात आणि मग त्यांचे सगळे वजन आपल्या कमरेवर येते.
6. उभे राहिल्यावर क्षणभर थांबावे. मग धड पायावर छोटी छोटी पावले टाकत वळावे. खुर्चीची कड पायामागे लागली, धड हाताने खुर्चीचा दांडा धरला, की मगच सावकाश बसवावे.

काखेत हात घालून उचलणे, अधू हात ओढणे आणि रुग्णाला आपल्या गळ्यात हात टाकू देणे या तीन गोष्टी कधीही करू नयेत. पहिल्या दोन्हींनी त्याचा खांदा जातो, तिसरीने आपली मान आणि पाठ. रुग्ण जड असेल किंवा पायावर अजिबात भार घेत नसेल तर दुसरे माणूस येईपर्यंत थांबावे. "घरात कोणी नव्हते" हे कारण पडल्यानंतर कोणी ऐकून घेत नाही.

## ७. चालवणे

काठी धड हातात द्यावी. अधू पायाच्या बाजूला आधार हवा असे वाटून घरचे लोक ती उलट्या हातात देतात. रुग्ण ताठ उभा असताना काठीची मूठ मनगटाच्या वाकणीइतक्या उंचीवर यावी. खालचा रबर झिजला असेल तर बदलावा. बिनरबराची बांबूची काठी शेताच्या बांधावर चालते, गुळगुळीत फरशीवर घसरते.

पावलांचा क्रम: आधी काठी, मग अधू पाय, मग धड पाय. वॉकर असेल तर वॉकर, अधू पाय, धड पाय. पायरी चढताना धड पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. आपण अधू बाजूला, अर्धे पाऊल मागे, एक हात बेल्टवर ठेवून चालावे. चालताना गप्पा मारू नयेत. बोलता बोलता पाऊल चुकणारे रुग्ण पुष्कळ असतात.

रुग्ण कोसळू लागला तर: त्याला उभे धरून ठेवायचा प्रयत्न करू नये. पाय फाकून त्याला आपल्या अंगाशी घ्यावे, आपल्या मांडीवरून सरकवत जमिनीवर बसवावे आणि डोके सांभाळावे. लागलीच उचलू नये. शुद्ध, दुखणे, डोक्याला मार, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का ते पाहावे आणि कळवावे.

## ८. कपडे, जेवण, शौच

कपडे घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना धड हात आधी बाहेर. सूचना दिल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. तरी सुरुवात झाली नाही तर करून दाखवावे, मग त्याच्या हाताखाली आपला हात देऊन सुरुवात करून द्यावी, आणि अगदी शेवटी आपण करावे.

गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये, पाण्याचा घोटही नाही. परवानगी मिळाल्यावर रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास तोंडाच्या धड बाजूने द्यावा. कळण्याच्या किंवा ज्वारीच्या भाकरीचा कोरडा चुरा घशात विखुरतो, आणि शेवभाजीत रस्सा आधी घशात उतरतो व शेव मागे राहते. पातळ आणि घट्ट एकत्र असलेले असे पदार्थ गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाला सर्वांत अवघड जातात. मऊ, एकजीव खिचडी त्यापेक्षा बरी, मात्र काय चालेल ते तपासणी करणाऱ्याने सांगितलेले असावे. जेवणानंतर अधू गालात घास साठला आहे का ते पाहून तोंड स्वच्छ करावे आणि निदान अर्धा तास बसवून ठेवावे. खोकला, ओलसर घोगरा आवाज किंवा धाप लागली तर भरवणे थांबवावे.

लघवीसाठी दर दोन तासांनी, आणि शौचाला जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी कमोड खुर्चीवर बसवावे. चादर ओली होते म्हणून पाणी तोडू नये. सोयीसाठी दिवसभर डायपर ठेवला तर सांगण्याची सवय मोडते.

## ९. नोंद आणि थांबण्याच्या खुणा

"व्यायाम दिला, पेशंट बरा" या नोंदीतून फिजिओथेरपिस्टला काहीच कळत नाही. काय केले, किती वेळा, किती मदत लागली आणि रुग्णाला कसे वाटले, हे लिहावे. उदाहरणार्थ: "सकाळी ८. डाव्या कोपराचा व्यायाम ५ वेळा, शेवटच्या दोन वेळा स्वतः थोडे वाकवले. खांदा पातळीपर्यंत नेताना आठी पडली, तिथे थांबवले. कडेवर १० मिनिटे बसले, चक्कर नाही. खुर्चीत एका माणसाच्या मदतीने. शर्टाची दोन बटणे स्वतः लावली." रात्रपाळीच्या केअरटेकरला हीच वही वाचून दाखवावी, नाहीतर दिवसा स्वतः बटण लावणाऱ्या रुग्णाला रात्री दोन जण मिळून कपडे घालतात.

छातीत दुखणे, धाप, नवा अशक्तपणा, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, अचानक जोराची डोकेदुखी, शुद्ध हरपणे, झटके येणे यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम तिथेच सोडून १०८ ला फोन करावा. खुणा कधी सुरू झाल्या, आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे रुग्णालयात पहिला प्रश्न याच वेळेचा विचारला जातो.